वीस टक्क्यांच्या आत

आमच्या खोलीत चार पडदे आहेत, चार खुर्च्या आहेत आणि एक खिडकी आहे. खिडकी कायम झाकलेली, कारण बाहेरचा उजेड आला की पडद्यावरचा करडा रंग फसवतो. त्या अंधारात बसून आम्ही दिवसभर लोकांच्या मेंदूतले पांढरे डाग मोजतो. कुणाला एवढं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे तू डॉक्टर?" नाही. डॉक्टर वरच्या मजल्यावर बसतात. आम्ही खाली बसतो आणि त्यांना आकडा देतो.

काम असं आहे. मशीनमधून एका डोक्याचे अठ्ठेचाळीस काप येतात, पाव कापल्यासारखे, प्रत्येक तीन मिलिमीटर जाड. डाग दिसला की त्यावर पेनाचं टोक टेकवायचं. संगणक आजूबाजूचा तेवढाच पांढरा भाग स्वतःहून रंगवतो. आता संगणकाला अक्कल बेताचीच, कधी तो डागाबाहेर धावत सुटतो, कधी अर्ध्यातच थांबतो. मग आपण कड खोडायची नाहीतर पुढे ओढायची. सगळे काप संपले की तो रंगवलेले ठिपके मोजतो, जाडीने गुणतो आणि सांगतो, डाग सगळे मिळून इतके मिलिलिटर. चहाचा एक चमचा म्हणजे पाच.

अडचण सगळी कडेची. डाग मधोमध पांढरा असतो आणि बाहेर जाता जाता विरत जातो. नेमका कुठे संपला हे कुणीतरी ठरवावं लागतं, आणि ते कुणीतरी म्हणजे आम्ही. आम्हाला सगळ्यांना हे काम ज्यांनी शिकवलं त्यांना आम्ही मास्तर म्हणतो. शाळेत ते कधी शिकवायला नव्हते, पण समोरच्याच्या हातातलं पेन काढून घ्यायची खोड अगदी मास्तरांची. पहिल्याच दिवशी ते मला म्हणाले होते, "कड सैल धर नाहीतर घट्ट धर, मला फरक पडत नाही. पण चूक करायची ती रोज सारखी कर. मग डाग वाढला की नाही ते बरोबर निघतं."

म्हणून नियम आहेत. प्रत्येक फाइल एकाच माणसाने दोनदा मोजायची, मध्ये एक दिवस सोडून, म्हणजे हात पहिलं विसरतो. दोन मोजण्यांत पाच टक्क्यांहून जास्त फरक पडला तर फाइल मास्तरांकडे जाते. फाइलवर नाव नसतं, नंबर असतो. आणि पेशंट ओळखीचा आहे असं कळलं, तर पेन तिथेच ठेवून तसं सांगायचं. हा शेवटचा नियम भिंतीवर चिकटवलेला आहे. मी इथे आल्यापासून नऊ वर्षांत कुणाला त्याची गरज पडली नव्हती. कागदाचा एक कोपरा सुटून खाली लोंबत होता.

माझी ताई शहरात बस चालवते, सोळा वर्षं झाली. गेल्या वर्षी एका सकाळी तिच्या उजव्या डोळ्यापुढे धूसर आलं, आणि तिथून ते दुखणं बाहेर पडलं. तिच्याच शरीराचे पहारेकरी तिच्याच नसांवरचं आवरण कुरतडतायत, डॉक्टरांनी असं समजावलं. आम्हाला घरच्यांना तिने तीन महिने काही सांगितलं नाही. डोळा सुधारला, गोळ्या सुरू झाल्या, ताई पुन्हा चाकावर बसली. पण डेपोच्या डॉक्टरांनी अट घातली. दर वर्षी मेंदूची तपासणी करायची. डाग वीस टक्क्यांच्या आत वाढले तर आजार स्थिर, बस चालवायची. वीसच्या वर गेले तर चावी द्यायची आणि पासाच्या खिडकीवर बसायचं.

ताई आणि खिडकी. जी बाई लहानपणी पंगतीतसुद्धा बसून राहायची नाही.

त्या रविवारी मी तिच्याकडे गेले होते. चहा पिता पिता ती म्हणाली, "बारके, उद्या डोकं घालून येते मशीनमध्ये. तुझ्याकडे आलं तर जरा हात आखडता घे."

"माझ्याकडे नाव येत नाही, ताई."

"मग सगळ्यांचाच आखडता घे. चार लोक दुवा देतील."

भाऊजी हसले, मीही हसले. शहरातल्या पाच इस्पितळांचे फोटो आमच्याकडे येतात आणि मोजणारे आम्ही चौघं. तिचं डोकं माझ्याच पडद्यावर येईल असं वाटायचं काही कारण नव्हतं.

मंगळवारी सकाळी दुसरीच फाइल उघडली. अगदी खालचे काप येऊ लागले तसं तोंडाच्या जागी पुढे एक काळं भोक दिसलं. दातावर धातूची टोपी असली की तिथलं चित्र असं गिळलं जातं. त्यात विशेष काही नाही, आठवड्याला दोनचार दिसतात. पण भोक बरोबर मध्ये नव्हतं, जरा डावीकडे होतं, आणि माझा हात थांबला. ताईचा पुढचा डावा दात ती बारा वर्षांची असताना तुटला आणि पुढे त्यावर टोपी बसवावी लागली. ती बसता बसता मी तिच्याखालचं स्टूल ओढलं होतं. मी तारीख पाहिली. सोमवार. स्त्री, वय एक्केचाळीस.

एवढं सगळं जुळत होतं. तरी म्हटलं, शहरात एक्केचाळीस वर्षांच्या दात तुटलेल्या बायका काय एकच असतात? म्हणून शेजारी गेल्या वर्षीची फाइल उघडली. तारीख ताईच्या डोळ्यापुढे धूसर आलं त्याच आठवड्यातली, आणि तिथे शेरा होता.

हे जरा सांगायला हवं. नंबर लक्षात राहत नाहीत, म्हणून आमच्या खोलीत प्रत्येक डोक्याला आम्ही काहीतरी नाव ठेवतो आणि शेऱ्याच्या रकान्यात टाकतो. वर जाणाऱ्या अहवालात ते छापलं जात नाही, आमच्यापुरतं असतं. दिवसभर अंधारात बसणाऱ्या माणसांचा तेवढाच विरंगुळा. त्या फाइलवर लिहिलं होतं, "रंगाऱ्याने खाली कागद अंथरला नव्हता." पुढे माझी सही.

मला तो दिवस आठवला. पांढरे शिंतोडे खरंच तसेच उडाले होते, भिंत रंगवताना फरशीवर उडतात तसे. मी मोठ्याने वाचून दाखवलं आणि सगळी खोली हसली, मास्तरसुद्धा. तेव्हा ताईने आम्हाला काही सांगितलं नव्हतं. म्हणजे माझ्या बहिणीचं दुखणं तिच्या नवऱ्याच्याही आधी मला कळलं होतं, आणि मी त्यावर विनोद करून चहाला गेले होते. मला स्वतःची इतकी लाज वाटली की कान तापले.

पेन तिथेच ठेवायला हवं होतं. मी ठेवलं नाही. मोजायला लागले.

दोन तास लागले. एरवी एक लागतो. शेवटच्या कापाला संगणकाने आकडा दिला, ११.७. गेल्या वर्षी ९.४ होता. वाढ साडेचोवीस टक्के.

जतन करायचं बटण समोर होतं. मी ते दाबलं नाही. सगळ्या कडा पुसून टाकल्या आणि नव्याने सुरुवात केली. या खेपेला जिथे डाग विरत होता तिथे मी तो विरू दिला. पहिल्यांदा जिथे म्हटलं होतं की हाही डागच, तिथे आता म्हटलं की ही नुसती झाक आहे. आला आकडा ११.०. सतरा टक्के. बटण दाबलं.

यातली वाईट गोष्ट सांगते. दुसरी मोजणी खोटी आहे असं मला छातीठोकपणे म्हणता येईना. एकेका कडेवर बोट ठेवून कुणी विचारलं असतं तर मी प्रत्येक कड पटवून दिली असती. आणि पहिली? ती तरी भीतीने सुजलेली नव्हती कशावरून? नऊ वर्षं मी माझ्या हातावर विश्वास टाकून जगत होते, आणि एका सकाळीत तो हात परका झाला.

जेवणाच्या सुट्टीत मास्तरांनी सहज विचारलं, "आज लवकर थकलीस?" चोराच्या मनात चांदणं, मला वाटलं त्यांना सगळं कळलंय. मी म्हटलं, डोळे चुरचुरतायत. त्यांनी खिशातून डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली काढून दिली. मी निमूटपणे थेंब घातले.

घरी गेले, पण एका जागी बसवेना. गॅसवर दूध ठेवलं आणि खिडकीशी गेले, ते उतू गेलं. ओटा पुसला, पुन्हा खिडकीशी गेले. ताईला दोनदा फोन लावला आणि वाजायच्या आत कापला. काय विचारणार होते? गुरुवारी दुसऱ्यांदा मोजायचं होतं. पुन्हा अकराच्या आसपास आणलं की काम झालं. ताईचं चाक ताईकडे, आणि कुणाला कधी कळणार नाही. नुसता हात जरा आखडता. पण रस्त्यावरून बस गेली की माझं लक्ष तिच्या पुढच्या चाकांकडे जाई.

बुधवारी मी अर्धी रजा टाकली आणि ताईच्या बसमध्ये जाऊन बसले.

तिला दिसू नये म्हणून मागच्या दाराने चढले, तोंडाला रुमाल गुंडाळला, आणि गर्दी जरा कमी झाल्यावर पुढच्या आडव्या सीटवर सरकले. तिथून ड्रायव्हरचे पाय दिसतात. मला काय बघायचं होतं, खरं सांगते, काहीच नाही. ती नेहमीसारखी चालवताना बघायची होती, म्हणजे गुरुवारी माझा हात मोकळा झाला असता. आणि ती नेहमीसारखीच चालवत होती. गाडी वळवताना खांदा आधी झुकायचा, चढणाऱ्या म्हाताऱ्यांना "सावकाश, बस पळून जात नाही," म्हणायची. मला बरं वाटू लागलं.

चौथ्या स्टॉपच्या आधी तिचा उजवा हात चाकावरून खाली गेला. वाटलं, पँटला पुसतेय. पाचव्या स्टॉपला पुन्हा गेला, तेव्हा मी नीट पाहिलं. तिने गुडघ्याच्या वरचं कापड मुठीत धरलं, पाय उचलला आणि एका पेडलवरून दुसऱ्यावर ठेवला. ब्रेकवर. बाहेरून बघणाऱ्याला कळणारही नाही इतक्या सफाईने. बस थांबली, दार उघडलं, माणसं उतरली.

मग मी मोजायला लागले. दुसरं काय येतं मला? कधी पाय आपला आपण जायचा, कधी हात लागायचा. पेठेच्या चौकात एक बाई दोन्ही हातांत पिशव्या घेऊन रस्त्यात उतरली. हात खाली गेला, पाय उचलला गेला, बस थांबली. बाईपासून दोन पावलांवर थांबली. बाईने वरसुद्धा पाहिलं नाही. ताईने मात्र चाकावर कपाळ टेकवलं, क्षणभरच, आणि गाडी पुढे काढली.

अकरा वेळा झालं तेव्हा मला बसवेना. मी उतरले आणि दोन स्टॉप चालत गेले, उलट्या दिशेने, आणि बऱ्याच वेळाने लक्षात आलं की उलट्या दिशेने.

गुरुवारी सकाळी मास्तरांपुढे जाऊन उभी राहिले. फाइलचा नंबर सांगितला. म्हटलं, "ही माझी ताई आहे."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "कधी कळलं?"

"मंगळवारी."

"आणि सांगतेस आज." त्यांनी नंबर कागदावर लिहून घेतला. "किती आलं मंगळवारी?"

"कुठलं?" माझ्या तोंडून निघून गेलं.

मास्तर माझ्याकडे बघत राहिले. मी बोलणी खायच्या तयारीनेच गेले होते, पण ते रागावले नाहीत, आणि त्याने जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी माझी मोजणी काढून टाकली आणि फाइल स्वतःकडे घेतली. म्हणाले, "शेरा तुझाच आहे ना? तोही काढतो."

"राहू द्या. लिहिला मीच होता."

आता माझ्या मनात काय होतं तेही सांगून टाकते, लपवण्यात अर्थ नाही. मास्तरांचा हात माझ्याहून सैल आहे, खोलीत सगळ्यांना माहीत आहे. माझे अकरा पॉइंट सात, तर त्यांचे जवळजवळ बारा. म्हणजे वीसच्या पार, नक्की पार. आकडा वर जाईल, डॉक्टर डेपोला कळवतील, आणि ताईची चावी आपोआप जाईल. मला तोंड उघडावं लागणार नाही. मी आकड्याच्या पदराआड लपायला निघाले होते. आधी आकडा कमी करायला धडपडले आणि दोन दिवसांनी तोच वाढावा म्हणून देव पाण्यात घालून बसले.

मास्तरांनी गुरुवारी मोजलं, शनिवारी मोजलं. दोन्ही वेळा ११.८. सोमवारी त्यांनी मला बोलावून अहवाल दाखवला. वाढ एकोणीस टक्के. शेरा, स्थिर.

"एकोणीस कसे?" मी म्हटलं. "नऊ पॉइंट चारवरून अकरा पॉइंट आठ, पंचवीस होतात."

"नऊ पॉइंट चार तुझे. तुझा हात मागे आणि माझा पुढे, असं चालेल का? जुनीही मीच मोजली, दोनदा." त्यांनी बोट ठेवलं. ९.९. "रोज सारखी चूक, विसरलीस?"

विसरले होते. नऊ वर्षं नवीन आलेल्या प्रत्येकाला मी हेच शिकवत आले, आणि विसरले होते.

"बरं झालं ना," मास्तर म्हणाले, "काठावर पास." मी हो म्हटलं. जागेवर येऊन पेन उचललं आणि पुढची फाइल उघडली, पण अर्धा तास एकही डाग दिसला नाही.

मंगळवारी संध्याकाळी ताईकडे गेले. जिना चढताना वाक्य जुळवत होते. अहवाल बरोबर आहे, पण. तुला वाईट वाटेल, पण. प्रत्येक वाक्य त्या पणवर जाऊन अडकत होतं. दार भाऊजींनी उघडलं, चेहरा फुललेला. "ऐकलंस का, एकोणीस! तुमच्या खात्याचे उपकार झाले." आणि चहाला दूध नाही म्हणून पिशवी घेऊन तेच खाली गेले.

ताई स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली होती. उजवा पाय समोरच्या स्टुलावर. अहवालाचं पाकीट टेबलावर होतं, त्यावर चहाच्या कपाचा गोल उमटला होता.

"तू मोजलंस?" तिने विचारलं.

"नाही. मास्तरांना दिलं. मी ओळखलं तुला, दातावरून."

तिने जिभेने दात चाचपला आणि हसली. "स्टूल ओढलं होतंस. सटवे." मग हसू ओसरलं. "वीसच्या आत आहे म्हणजे नक्की आत आहे? चूक नाही?"

"चूक नाही."

ती टेबलावरचं पाकीट सरळ करत राहिली, कडेला कड लावून. मी जुळवलेली सगळी वाक्यं पळून गेली होती. म्हटलं, "ताई, बुधवारी मी…"

"रुमाल बांधून आडव्या सीटवर बसलेली बावळट कोण होती, मला कळलं नाही वाटतं? बारके, बसला आरसा असतो. सोळा वर्षं त्याच्यातच बघतेय."

मी शेजारची खुर्ची ओढून बसले. "अकरा वेळा उचललास पाय," मी म्हटलं.

"चौदा. तू आधी उतरलीस." ती अगदी शांतपणे म्हणाली. "रोज मोजते मी. दिवाळखोर माणूस खिसा चाचपतो तसं. तीन महिन्यांपूर्वी फेरीला एखाददुसरा असायचा."

"आणि चालवतेस?"

"ओरड. ओरड, मला बरं वाटेल." मी तिच्या पायाखालचं स्टूल नीट सरकवलं. तीच पुढे बोलू लागली. "सहा दिवस मी निवांत होते, माहितेय? म्हटलं, बारकीने बघितलंय. आता ती आकडा वर नेईल. मग डॉक्टर म्हणतील, डेपो म्हणेल, मी चार शिव्या घालीन, टेबल बडवीन, आणि जाऊन बसेन त्या खिडकीवर. माझा काही दोष नाही, मशीनने सांगितलं. पिशव्यावाली बाई पाहिलीस ना? त्या दिवसापासून मी वाट बघतेय की मशीनने सांगावं."

जिन्यात भाऊजींची पावलं वाजली. ताईने पाकीट उचललं, आतला कागद पुन्हा एकदा वाचला, जणू त्यात कुठेतरी बारीक अक्षरात पायाचं लिहिलेलं असेल.

"म्हणजे आता मलाच सांगावं लागणार," ती म्हणाली.

"उद्या ड्यूटी कितीची आहे?"

"सहाची."

"मी साडेपाचला डेपोच्या फाटकावर येते. आपण दोघी जाऊ साहेबांकडे."

तिने गुडघ्यावरचं कापड मुठीत धरलं, पाय स्टुलावरून उचलून खाली ठेवला आणि उठून चहाचं पातेलं गॅसवर चढवलं. पाठ माझ्याकडे होती.

"पाचला ये," ती म्हणाली. "आणि फाटकावर नको, इथे घरी ये. साडेपाचला चावी हातात पडते. एकदा हातात पडली की मी काही सांगायची नाही."